कॅबिनेट

‘मराठी विभागासाठी या वेळी तू लिही’ असं फर्मान निघालं तेव्हा मी दचकलेच. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, वर्गात मराठी बोललं की पाच रुपये दंड! तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं जरा सांभाळून घ्या.

विषय आहे कॅबिनेट. शाळेत सिव्हिक्सला कॅबिनेट म्हणजे मंत्रिमंडळ शिकलो, ते नव्हे. कॉम्प्युटरचा पत्र्याचा डबा, ज्याला हॉस्टेलमधले निम्मे लोक ‘सीपीयू’ म्हणतात. (कॉम्प्युटर ब्रँचच्या सरांसमोर म्हणून बघा एकदा.) प्रोसेसरवर रात्र रात्र वाद घालणारी मंडळी या डब्याबद्दल फक्त एवढंच विचारतात, लाईट किती लागतात?

माझ्या पप्पांचा भुसावळला फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, साखरपुडे. सगळे फोटो अकरा एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये, आणि त्या डिस्क लोखंडी कपाटात, मार्करने वर्षं लिहून, डांबराच्या गोळ्यांसकट! फोटोवाल्याकडे लोक दोनदा येतात, बरं का. एकदा लग्नाच्या वेळी, आणि पुन्हा घरातलं कुणी गेलं की. लग्नातल्या ग्रुप फोटोतून तेवढा चेहरा मोठा करून हवा असतो. २०२४ मध्ये एक काका आईचा फोटो मागायला आले. पप्पांनी डिस्क लावली. टक टक आवाज आला, बाकी काही नाही. दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले. काका काही बोलले नाहीत, उलट पप्पांनाच ‘राहू द्या’ म्हणाले. त्या रात्री पप्पा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला फोन, ‘बेटा, तू शिकतेस ना हे सगळं? मग काहीतरी कर.’

करायचं होतं ते नॅस, म्हणजे दुकानातल्या सगळ्या मशीनवरून उघडता येणारं डिस्कचं कपाट. ४ टीबीच्या चार डिस्क, त्यातली एक मेली तरी डेटा शाबूत. (हा बॅकअप नव्हे! दुकानाला आग लागली तर चारही जातील. म्हणून दुसरी कॉपी मामाकडे.) बोर्ड, रॅम जुनंच चालणार होतं. अडलं ते डब्यावर.

आजकालचे डबे म्हणजे काचेची शोकेस. आत रंगीत पंखे, आणि हार्ड डिस्कला जागा दोन, त्याही खाली एसएमपीएसच्या शेजारी कोंबलेल्या. नॅससाठी खास मिळतात ते देखणे. फ्रॅक्टल डिझाईनच्या नोड ३०४ मध्ये सहा डिस्क बसतात, जॉन्सबोच्या एन१ मध्ये पाच. मी प्रेमातच पडले होते. पण दोघांनाही मिनी आयटीएक्स बोर्ड लागतो, तो महाग आणि त्यावर साटा पोर्ट सहसा चारच. शिवाय एन१ ला एसएमपीएसही लहान, एसएफएक्स जातीचा. आमच्याकडे व्होल्टेजचा भरवसा नाही. ऐन लग्नसराईत एसएमपीएस उडाला तर पप्पा तो आणणार कुठून? साधा एटीएक्स तर बसस्टँडजवळच्या दुकानातही मिळतो.

शेवटी जळगावला एका जुन्या कॉम्प्युटरवाल्याच्या माळ्यावर २००५ च्या आसपासचं एक टॉवर कॅबिनेट सापडलं. सीडी ड्राइव्हचे चार कप्पे, फ्लॉपीचे दोन, हार्ड डिस्कचे पाच! पत्रा असा जाड की वर बसून चहा प्यावा. ‘ताई, हे भंगारात जाणार होतं, कशाला नेता?’ असं म्हणत त्याने सहाशे मात्र मोजून घेतले. इंटेलने एटीएक्सचं माप १९९५ मध्ये ठरवलं, तेव्हापासून बोर्डच्या स्क्रूची भोकं तिथल्या तिथेच आहेत. प्रोसेसर म्हातारे होतात, डबा होत नाही.

खरी परीक्षा घेतली ती भुसावळच्या मे महिन्याने. गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला, त्यात नेहमीच्या तापमानाला उष्णता आणि डिस्क मरणं यांचा फारसा संबंध दिसला नव्हता. दिसला तो फार गरम आणि जुन्या डिस्कमध्ये. पण गूगलचं डेटा सेंटर भुसावळला नाही हो! २०२५ च्या मे मध्ये दुकानात ३९ अंश असताना डिस्क लागोपाठ कप्प्यांत बसवून बघितल्या, तर मधलीचं तापमान ५५. मग एक कप्पा सोडून एक अशा तीन बसवल्या, चौथी पट्टी लावून सीडीच्या जागी. पुढच्या प्लास्टिकला नुसत्या फटी होत्या, म्हणून सीडी कप्प्यांची झाकणं काढून तिथे मच्छरदाणीची जाळी लावली, आत १२० मिमीचा पंखा केबल टायने बांधला. ४६ वर आलं. दिसायला ध्यान आहे, कबूल.

आवाज आणि थरथर यांचंही असंच. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या ब्रेंडन ग्रेगने चालू डिस्कवर तोंड नेऊन जोरात ओरडून दाखवलं, आणि डिस्कचं काम खरंच मंदावलं. (आमच्या विंगमध्ये मॅचच्या रात्री किती डिस्क मंदावत असतील!) जड पत्र्याचा फायदा इथे कळतो. स्क्रूखाली रबराचे वॉशर टाकले, डबाभर होणारी गुणगुण थांबली.

माझ्या मते कॅबिनेट निवडताना एकच प्रश्न विचारावा, ते उघडणार कोण? मी इथे हॉस्टेलला, तिथे पप्पा एकटे. म्हणून प्रत्येक डिस्कच्या बाहेर दिसणाऱ्या कडेला सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे मोठ्या अक्षरांत चिकटवलेत. सॉफ्टवेअर तोच नंबर सांगतं. पप्पांनी फक्त बाजूचा पत्रा काढून आकडे जुळवायचे. सुट्टीत दोनदा सराव करून घेतला, दुसऱ्या वेळी चष्मा न लावता जमलं!

२०२५ च्या दसऱ्याला पप्पांचा फोटो आला. कॅमेऱ्यांबरोबर कॅबिनेटचीही पूजा झाली होती. हळद, कुंकू, अक्षता, आणि झेंडूची भली जाड माळ बरोब्बर मच्छरदाणीच्या जाळीवर. ताबडतोब फोन लावला. ‘पप्पा, माळ वरून टाका, पुढून नको, त्याला श्वास घ्यायचाय.’

‘मला वाटलंच,’ पप्पा म्हणाले, ‘सकाळपासून पंखा जरा जोरात ओरडतोय.’