ह्यांनी बंदूक करायला घेतली

नवरा निवृत्त झाला की घरात काहीतरी नवीन येतंच. कुणाकडे गुलाबाच्या कुंड्या येतात, कुणाकडे हार्मोनियम, कुणाकडे कुत्रा. आमच्या घरी बंदूक यायची होती.

"अगं, मी ठासणीची बंदूक करायची म्हणतोय," एका सकाळी पोहे खाताखाता हे म्हणाले.

"करायची म्हणजे?"

"म्हणजे हातानं. स्वतः. नाहीतर विकत घ्यायची. तेच ठरत नाहीये."

मी काही बोलले नाही. पण माझ्यापुरतं ठरलं होतं. दोन्ही नाही.

आम्ही राहतो अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लँकेस्टरजवळ. हे मूळचे टूलरूममधले फिटर. आधी ठाण्याच्या एका कारखान्यात होते, १९९१ साली इकडे आल्यावर इथल्या एका वर्कशॉपमध्ये लागले. केसाच्या जाडीपेक्षा कमी फरक बोटाला कळणारा माणूस! निवृत्त झाले आणि तीन महिने खिडकीपाशी बसून राहिले. जेवायला हाक मारली की यायचे, जेवून परत खिडकीपाशी. माझे सासरे असेच बसून राहिले होते आणि निवृत्तीनंतर दीड वर्षात गेले. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण रात्री झोप लागत नव्हती.

आणि तीन महिन्यांनी माणूस स्वतःहून काही बोलला, तर ते बंदुकीबद्दल!

ह्यांच्या डोक्यात हे खूळ आलं ते इथल्या एका संग्रहालयात. आमच्या गावाजवळच लँडिस व्हॅली नावाचं जुन्या वस्तूंचं संग्रहालय आहे. तिथे जुन्या लांब नळीच्या बंदुका मांडल्या आहेत. अठराव्या शतकात जर्मनभाषक मुलखातून आणि स्वित्झर्लंडमधून आलेले कारागीर ह्या भागात स्थायिक झाले. येताना त्यांनी आपल्याकडची आखूड, जाड नळीची शिकारी बंदूक आणली. इथल्या जंगलात दारू आणि शिसं दोन्ही जपून वापरायला लागायचं. म्हणून त्यांनी नळी लांब केली, तिचं भोक लहान केलं आणि दस्त्याला लहरी रेषांचं मेपलचं लाकूड लावलं. पुढे लोकांनी तिला केंटकी रायफल म्हटलं, पण तिचा जन्म आमच्या ह्या लँकेस्टरच्या आसपासचा. हे काचेसमोर अर्धा तास उभे होते. मला वाटलं, पाय दुखत असतील.

आता माझी बाजू सांगते. माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं. रानडुकरं भातशेतीत घुसतात म्हणून थोरल्या काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. एका पावसाळ्यात ते रात्री माळ्यावर राखणीला बसले होते. चाप ओढला, केप फुटली, पण बार उडाला नाही. दारू ओली झाली असणार. त्यांनी बंदूक घरी आणून कोपऱ्यात उभी केली आणि आत बार तसाच आहे हे विसरले. चार दिवसांनी पुन्हा निघताना वरून दुसरा बार ठासला. त्या रात्री नळी फाटली. काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. मी नऊ वर्षांची होते. काकू त्यांना ओटीवर घेऊन बसली होती आणि मी पाण्याचा तांब्या धरून उभी होते. बंदूक म्हटलं की मला आजही तो तांब्या आठवतो.

त्यातून अमेरिकेतल्या बंदुकांच्या बातम्या आपण रोज वाचतो. लेकीनं फोनवर सांगितलं, "आई, बाबांना म्हणावं विकतच घ्या. कंपनीची असली की निदान धोका नाही." मलाही ते पटलं. आणायचीच झाली तर विकतची, चांगल्या कंपनीची. घरी केलेल्या बंदुकीचा भरवसा काय?

आमच्या शेजारी ऐंशीच्या घरातले एक शेतकरी आजोबा राहतात. इथे हरणांच्या शिकारीचा एक खास हंगाम असतो. ख्रिसमस उलटला की सुरू होतो आणि त्यात फक्त चकमकीच्या बंदुका चालतात. हा हंगाम १९७४ साली सुरू झाला, तेव्हापासून आजोबा जातात. ह्यांनी त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "तुला शिकार करायची असेल तर विकत घे. हिवाळ्यातल्या संध्याकाळी घालवायच्या असतील तर बांध."

हे घरी आले आणि कागद-पेन्सिल घेऊन बसले. हिशेब मीही पाहिला. कारखान्यातून येणारी साधी चकमकीची बंदूक काहीशे डॉलरला मिळते. जुन्या घाटाची, बऱ्यापैकी नक्कल हवी असेल तर हजाराच्या वर जावं लागतं. एखाद्या कारागिराकडून खास करून घ्यायची तर काही हजार डॉलर आणि वर्ष-दोन वर्षं वाट पाहायची. सुटे भाग आणून स्वतः जुळवायची म्हटलं तर भागांनाच हजाराच्या वर पडतात, शिवाय कानशी, पटाशा, ड्रिल. म्हणजे घरी केली म्हणून स्वस्त पडेल, हा समज चुकीचा. सुट्या भागांतही दोन प्रकार. काहींचं लाकूड संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर इतकं नेमकं कापलेलं असतं की घासून, रंगवून, जोडून टाकायचं. दुसऱ्यात लाकूड ओबडधोबड कोरलेलं असतं, बाकी सगळं तुमच्या हातात.

एका गोष्टीचं मात्र मला नवल वाटलं. तोंडाकडून भरायच्या ह्या जुन्या पद्धतीच्या बंदुकांना इथला १९६८चा केंद्रीय कायदा नेहमीच्या बंदुकांत धरत नाही. राज्याराज्यांत नियम वेगळे असतील, पण सुट्या भागांची पेटी इथे टपालानं घरी येते. आपल्याकडे असं नाही, बरं का! १९५९च्या शस्त्र कायद्याखाली ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो आणि परवान्याशिवाय ती बनवणं हा गुन्हा आहे.

आमचं ठरेना. हे म्हणत बांधू, मी म्हणे विकत घ्या. आणि एका शनिवारी आजोबांनी आम्हाला एका जुन्या घराच्या लिलावाला नेलं. तिथे सामानात एक केपाची जुनी ठासणीची बंदूक होती, किंमतही कमी. मीच म्हटलं, "घ्या ही. झालं एकदाचं."

आजोबांनी बंदूक उचलली. सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं, तोंड आपल्यापासून दूर धरलं आणि ठासणीचा गज हळूच आत सोडला. तो जिथे थांबला तिथे, नळीच्या तोंडाशी, त्यांनी गजावर चिमूट धरली. मग गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहिला. गजाचं टोक नळीच्या बुडापर्यंत पोचलंच नाही. चार बोटं अलीकडे थांबलं.

"आत बार आहे," आजोबा शांतपणे म्हणाले.

कुणी, कधी भरला होता कोण जाणे. बंदूक भिंतीवर टांगलेली होती आणि त्या घरात मुलं वाढली होती. माझे पाय लटपटले. आजोबांनी लिलाववाल्यांना सांगितलं, त्यांनी ती बंदूक लगेच वेगळी काढून जाणकाराकडे पाठवली.

परतताना गाडीत मी विचारलं, "हे असं गजानं मोजून कळतं?"

"हो," हे म्हणाले. "गजावर खूण करून ठेवतात. एक खूण रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. गज आत सोडला की बंदूक स्वतःच सांगते."

माझ्या काकांना हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती दोन बोटं राहिली असती. इतकी वर्षं मला वाटत होतं की बंदूक दगा देते. त्या दिवशी कळलं की काकांना एक साधी गोष्ट माहीत नव्हती, एवढंच. आणि ती माहीत नसलेल्या माणसाला विकतची बंदूकही वाचवत नाही. जो बंदूक बांधतो त्याला मात्र तिच्या आतलं सगळं ठाऊक असतं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "बांधा. पण माझ्या अटी आहेत."

पहिली अट, नळी, तिच्या बुडाचं बूच आणि चापाची कळ चांगल्या कारागिराच्या हातची आणायची, त्यात घरचे प्रयोग नाहीत. दुसरी, नेम फक्त कागदावर, जिवावर नाही. तिसरी, दारू वेगळ्या ठिकाणी, बंदूक कुलपात आणि नातू यायचा असेल तेव्हा घोड्यातली गारगोटीसुद्धा काढून ठेवायची. ह्यांनी तिन्ही मान्य केल्या. पहिली तर म्हणे त्यांच्या मनात होतीच.

पेटी आली. बेचाळीस इंची नळी आणि मेपलचा एक ओबडधोबड ओंडका. तळघरात ह्यांनी टेबल मांडलं आणि खिडकीतली खुर्ची रिकामी झाली.

नळी लाकडात बसवायची म्हणजे दोघांत फट राहता कामा नये. त्यासाठी लोखंडाला काजळी लावतात, लाकडावर दाबतात आणि काळा ठसा उमटेल तेवढंच लाकूड खरवडतात. मग पुन्हा काजळी, पुन्हा दाबणं, पुन्हा खरवडणं. टूलरूममध्ये हेच काम हे निळा रंग लावून करत आले होते. फरक एवढाच की इथे काजळी हवी होती. एका संध्याकाळी ह्यांनी वरून हाक मारली, "अगं, तू काजळ कसं धरायचीस?" माहेरी आम्ही एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं भांडं पालथं घालून काजळ धरायचो. मी देवघरातलं निरांजन घेऊन तळघरात गेले. त्या दिवसापासून काजळी धरणं माझ्याकडे आलं.

जानेवारीत एकदा ह्यांचा हात कापला आणि कळीजवळच्या लाकडाची ढलपी उडाली. दोन महिन्यांचं काम! हे पटाशी ठेवून नुसते बसून राहिले. मला वाटलं, आता पुन्हा खिडकी. पण थोड्या वेळानं बॅटरी मागितली आणि गुडघ्यांवर बसून जमिनीवर ढलपी शोधायला लागले. मीही शोधली. सापडली, डिंकानं चिकटवली. अजून नीट पाहिलं तर सांधा दिसतो.

दीडशेच्या वर तास लागले. एप्रिलमध्ये क्लबच्या मैदानावर पहिला बार. ह्यांनी मापानं मोजून दारू ओतली, कापडी चकतीत शिशाची गोळी ठेवून गजानं बसवली, कळीच्या वाटीत चिमूटभर दारू टाकली. चाप ओढला. गारगोटी पोलादी पट्टीवर घासली, भुर्रकन जाळ झाला, मग मोठा आवाज आणि पांढऱ्या धुराचा लोट. गोळी कागदाच्या कडेला लागली होती. हे माझ्याकडे वळून हसले. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण डोळे पुसले. धुरानं, असं सांगितलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात चहाच्या आधणाचं पातेलं गायब. काळी दारू नळीत राहिली तर लोखंड गंजतं, म्हणून त्याच दिवशी गरम पाण्यानं धुवावी लागते. घरभर गंधकाचा, सडक्या अंड्यांसारखा वास. आता त्यासाठी वेगळं पातेलं दिलं आहे.

बांधावी की विकत घ्यावी, असं मला कुणी विचारलं तर मी आजोबांचंच उत्तर देते. नुसती बंदूक हवी असेल तर विकत घ्या, वेळ आणि पैसे दोन्ही वाचतील. आमच्या घराला बंदूक नकोच होती. ह्यांच्या हातांना काम हवं होतं.

ठासणीच्या गजावर ह्यांनी दोन रेघा कोरल्या आहेत. बंदूक कपाटातून निघताना आणि परत कपाटात जाताना गज आत सोडून मी स्वतः बघते, कोणती रेघ दिसते ते. हे बाजूला उभे राहतात आणि माझं होईपर्यंत थांबतात.