आधी ठरवायचं, मग बटण दाबायचं

फोटोग्राफी शिकायला येणारी मुलं हल्ली पहिल्याच दिवशी विचारतात, ‘सर, मिररलेसच घेऊ ना?’ कमाईसाठी घेणार असाल तर घ्या, असं मी सांगतो. शिकण्यासाठी मात्र मी आजही निकॉनचा डी३५०० सुचवतो. २०१८ साली आलेला, बॅटरी आणि कार्ड धरून ४१५ ग्रॅमचा हा एसएलआर दिवसभर गळ्यात असला तरी मान अवघडत नाही.

पण त्याचा खरा गुण वजनात नाही. याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये होणारा फोटो दिसत नाही. लेन्समधून आलेला आणि आरशावरून वळलेला उजेड तेवढा दिसतो. फोटो कसा येईल, हे आपणच ठरवायचं असतं.

ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढत असते तेव्हा समोर पांढरे सदरे आणि पांढऱ्या टोप्यांचा लोट असतो. मीटर बिचारं समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतं, म्हणून ते उजेड कमी करतं आणि वारकऱ्यांचे शुभ्र कपडे मळकट येतात. व्ह्यूफाइंडर याची काहीच सूचना देत नाही. मग तर्जनीने अधिक-उण्याचं बटण दाबून धरायचं आणि अंगठ्याने डायल फिरवून एक स्टॉप वाढवायचा. वेरूळच्या कैलासापुढे नेमकं उलट. तिथल्या काळ्या कातळाला मीटर उगीच उजळ करतं, म्हणून एक्स्पोजर उतरवावं लागतं. मिररलेसमध्ये हा फरक डोळ्यांसमोर आयता दिसतो. इथे तो आधी मनात यावा लागतो, आणि एकदा मनात यायला लागला की हातात कुठलाही कॅमेरा असो, उजेड वाचता येतो.

उणिवाही आहेत. डायल एकच. काचेच्या भरीव प्रिझमऐवजी आरशांची रचना असल्यामुळे व्ह्यूफाइंडर लहान आणि थोडा अंधारा वाटतो. त्यात लांबी-रुंदीचे ९५ टक्केच दिसतात, म्हणजे चित्राचा जवळपास दहावा भाग आपण पाहिलेलाच नसतो. कडेला कुणाचं कोपर, विजेची तार नकळत आत येते. म्हणून बटण दाबण्याआधी कॅमेरा किंचित हलवून चारही कडा पाहून घ्यायची सवय मी मुलांना लावतो. बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुन्या ‘डी’ लेन्स हाताने फोकस कराव्या लागतात. पावसाच्या सरींतही हा कॅमेरा जपावा लागतो.

सोबत मिळणारी १८-५५ची झूम चांगली आहे, पण माझं ऐकाल तर ३५ मिलिमीटर, एफ १.८ ही २०० ग्रॅमची लेन्स लावा आणि बराच काळ काढू नका. झूम नसली की पाय हलतात, आणि पाय हलले की जागा कळते.

आता हे मॉडेल सेकंडहँडच शोधावं लागतं. विकत घेण्याआधी त्यातून एक फोटो काढून घ्या. शटर आजवर किती वेळा पडलं, तो आकडा त्या फाइलच्या माहितीत नोंदलेला असतो.