वाकायचं कुणी?

शेठना ट्रकचा बंपर असा हवाय, की ठोकर लागली तर समोरचाच फुटला पाहिजे. ‘१० एमएमची प्लेट घाल,’ म्हणाले. कागदावर हिशेब मांडला. अडीच मीटर लांब, ४० सेंटिमीटर उंच, म्हणजे नुसता तोंडचा पट्टाच ७८ किलोंच्या वर. आणि हे सगळं लटकणार पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे.

मी ५ एमएमची प्लेट पन्हाळीसारखी वाकवून घेणार. ताकद जाडीपेक्षा घडीत जास्त. मागे आधाराला गसेट, पण चॅसीला वेल्डिंग नाही म्हणजे नाही. वेल्डच्या कडेला तडा जातो, तोही लगेच नाही, काही महिन्यांनी, भर घाटात. ब्रॅकेट बोल्टनेच, चॅसीच्या उभ्या बाजूला.

खरी गोम पुढेच आहे. बंपर अजिबात दबला नाही, तर धक्का सरळ चॅसीत आणि तिथून केबिनमध्ये. आपले बहुतेक ट्रक चपट्या तोंडाचे; ड्रायव्हरचे गुडघे बंपरपासून असे कितीसे लांब? म्हणून मध्ये चेपणारे पोकळ डबे घालतोय. खालची कडही उतरवलीय, नाहीतर समोरची छोटी गाडी थेट खाली घुसायची.

शेठ म्हणाले, ‘पोकळ कशाला रे?’

उद्या लोखंडाचा भाव सांगून बघतो. तो त्यांना लगेच पटतो.