बाटली आणि दूध

‘स्मरणरंजन’ हा शब्द आपल्या समीक्षेत बहुधा दूषण म्हणूनच येतो. एखाद्या ललितलेखात कंदील, भोवरा किंवा जात्याची घरघर आली की समासात तो शब्द लिहून आपण पुढे जातो. वर्गात आम्हीही तो तसाच वापरतो. मात्र गेल्या वर्षी असे काही घडले की या शब्दाकडे जरा निराळ्या अंगाने पाहावेसे वाटले. त्याविषयी हे टिपण.

आम्ही दोघी आरे कॉलनीच्या कडेला वाढलो आणि आज उपनगरांतल्या दोन महाविद्यालयांत मराठी शिकवतो. मुंबईतले म्हशींचे गोठे शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ साली ही दुग्धवसाहत स्थापन झाली. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. आमच्या लहानपणी, म्हणजे १९८०च्या दशकाच्या आरंभी, आमच्या घरी आरेचे दूध काचेच्या बाटलीतूनच येत असे. केंद्रावर रिकामी बाटली दिल्यावाचून भरलेली मिळत नसे. तिच्या तोंडावरचे पातळ पत्र्याचे झाकण धुऊन नखाने सपाट करायचे, नाण्यावर ठेवून घासायचे आणि उमटलेला छाप मिरवायचा, हा आमचा बिनपैशाचा खेळ. पुढे प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या. आज एखाद्या दिवाणखान्यात तीच बाटली मनी प्लांट लावून उभी दिसते. त्यात कुणाचे काही बिघडत नाही. दूध त्या त्या दिवशीच पिऊन संपलेले असते.

खेळण्यांचेही तसेच. दोरी मिळाली की भोवरा आजही फिरतो. व्ह्यू-मास्टर उजेडाकडे धरला की चित्र दिसते. या वस्तूंना माणसाचा हात पुरतो. माहिती साठवण्याच्या साधनांची गोष्ट मात्र वेगळी आहे. फ्लॉपी हातात घेऊन कितीही न्याहाळली तरी ती काही सांगत नाही. तिला बोलते करणारे यंत्र लागते, आणि मराठी मजकूर असेल तर यंत्राच्या जोडीला आणखीही काही लागते.

ते कसे, हे आम्हाला एका विद्यार्थ्यामुळे कळले. आरेत वारल्यांचे पाडे आहेत आणि ते दुग्धवसाहतीहून जुने आहेत. एम.ए.ला असताना, १९९९ साली, आम्ही त्यांपैकी एका पाड्यातल्या वृद्ध बाईंकडून लग्नातली गाणी आणि जुन्या हकिकती ऐकून टेप केल्या होत्या. कॅसेटवरून वहीत टिपणे घेतली, डीटीपी केंद्रात मजकूर टंकून घेतला आणि तो १.४४ एमबीच्या दोन फ्लॉप्यांवर साठवला. गेल्या वर्षी त्याच पाड्यातला एक विद्यार्थी तासानंतर थांबून म्हणाला, “मॅडम, तुमच्याकडे माझ्या पणजीचा आवाज आहे का? आमच्याकडे तिचा फोटोसुद्धा नाही.”

फ्लॉप्या शोधल्या. सोनीने २०११ साली जपानमधली फ्लॉपीची विक्री थांबवली आणि जपानच्या सरकारी नियमांतून ती २०२४ मध्ये हद्दपार झाली; तेव्हा आपल्याकडे ती वाचणारे यंत्र सहज मिळावे ही अपेक्षाच नव्हती. तरी यूएसबीला जोडायचा एक ड्राइव्ह मिळाला. एक फ्लॉपी उघडलीच नाही. दुसरी उघडली, पण पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांचा नुसता कालवा होता. कारण त्या काळच्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत, आणि प्रत्येक कंपनीची बसवणूक वेगळी. १९९१ साली ‘इस्की’ ही भारतीय मानक संकेतप्रणाली ठरली. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. पण डीटीपी केंद्रे पुढे कित्येक वर्षे आपापल्या फाँटांवरच चालली.

तो फाँट एका जुन्या डीटीपी चालकाकडे सापडला. मजकूर युनिकोडमध्ये बदलताना ऱ्हस्व वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या. जुन्या फाँटमध्ये ही वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असे, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. ‘वऱ्हाड’मधला अर्धा र तर नाहीसाच झाला. लग्नगीतांत वऱ्हाड किती वेळा येते, हे त्या आठवड्यात आम्ही मोजून शिकलो.

कॅसेट मात्र शाबूत होती. प्लेअरचा रबरी पट्टा ढिला पडला होता, तो लॅमिंग्टन रोडवरून आणून बदलला. नव्वद मिनिटांची कॅसेट संगणकावर उतरवायला नव्वद मिनिटेच लागतात. तेवढा वेळ तो विद्यार्थी आमच्याशेजारी बसून होता. बाई मध्येच खोकत होत्या, कोंबडीला हाकलत होत्या, गाण्यातला शब्द चुकला की हसून पुन्हा पहिल्यापासून म्हणत होत्या. एका हकिकतीत त्यांनी आरेतल्या टेकड्या, विहिरी आणि झाडे एकेका नावाने सांगितली आहेत. दुग्धवसाहतीने गोठ्यांना ‘युनिट’ म्हणून क्रमांक दिले; ही नावे त्या क्रमांकांच्या आधीची. मेट्रोच्या कारशेडसाठी २०१९च्या ऑक्टोबरात इथली दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा मुंबईभर आरेवर बोलले गेले. पण या नावांनी कुणी बोलल्याचे आमच्या कानी आले नाही. ती नावे आम्ही इथे देत नाही. ती आधी पाड्यात परत जावीत, असे त्या कुटुंबाशी ठरले आहे.

तेव्हा प्रश्न स्मरणरंजन करावे की करू नये, हा नाही. फ्लॉपीचा चहाच्या कपाखाली ठेवण्यासाठी उपयोग करणे, कॅसेटचे चित्र टी-शर्टवर छापून घेणे, ही बाटलीची आठवण झाली, आणि तीही गोडच असते. मराठी विभागांच्या कपाटांत मात्र फ्लॉप्या, सीडी आणि कॅसेट आजही पडून आहेत. त्यांत प्रबंध आहेत, मुलाखती आहेत, लोकगीते आहेत. हे दूध कुणी अजून प्यायलेले नाही. कपाटे आवरताना त्या भंगारात जाण्यापूर्वी कुणी एकदा तरी उघडून पाहाव्यात, फाँटचे नाव डब्यावर लिहून ठेवावे आणि ज्यांचा आवाज आहे त्यांच्या घरी निरोप द्यावा. संशोधनपद्धतीच्या तासाला हे काम सहज बसते.

आमची न उघडलेली फ्लॉपी दुरुस्तीला दिली आहे. तिच्यावर अकरा गाणी आहेत. त्यांची कॅसेट पावसाळ्यात बुरशीने गेली आणि वहीत त्यांच्या फक्त पहिल्या ओळी आहेत. विद्यार्थ्याने त्या ओळी उतरवून पाड्यात नेल्या आहेत. दोन गाणी तिथल्या एका आजींना पुरी येतात, असे त्याने परवा कळवले. उरलेल्या नऊ गाण्यांसाठी तो आता शेजारच्या पाड्यांत विचारतो आहे.