पटनीचे सोवळे शिपाई

लंडनला आलेला माणूस पटनीला मुद्दाम जात नाही. तिथे राजवाडा नाही की वस्तुसंग्रहालय नाही. थेम्सवरचा एक पूल आणि पुलाच्या दक्षिण टोकाशी सेंट मेरीचे चर्च, एवढेच. पटनी ब्रिज नावाच्या स्टेशनावर उतरलो, तर ते नदीच्या अलीकडेच निघाले! सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी मुकाट्याने पुलावर चालू लागलो.

वर्गात एखाद्या टीकाकाराला 'प्युरिटन' म्हटले की माझे काम भागते. प्युरिटन म्हणजे अतिसोवळा, हसण्याचे वावडे असलेला गृहस्थ. हे अगदीच खोटे नाही. १६४२ मध्ये यांच्याच पार्लमेंटने नाटकगृहांना कुलपे ठोकली आणि १६४७ मध्ये नाताळचा सणही रद्द केला. पण त्याच १६४७ च्या २८ ऑक्टोबरला त्यांची फौज या चर्चमध्ये सभेला बसली. राजा पहिला चार्ल्स तेव्हा हॅम्प्टन कोर्टात कैदेत होता. अध्यक्षस्थानी क्रॉमवेल, आणि समोर सेनापतींच्या बरोबरीने पलटणींनी निवडून दिलेले साधे शिपाई! आमच्या मंडळीचा धर्मोपदेशक आम्हीच निवडणार, वर बिशप कशाला, असे म्हणणाऱ्यांना राज्यकर्त्यांबद्दलही तोच प्रश्न पडायला कितीसा वेळ लागणार?

वाद पेटला तो मतावरून. परगण्यांत १४३० पासून मत होते ते वर्षाला ४० शिलिंगांची जमीन असणाऱ्याला. कर्नल रेन्सबरोचे म्हणणे असे की, इंग्लंडातल्या सर्वांत गरीब माणसालाही थोरामोठ्यांसारखेच एक आयुष्य जगायचे असते. तेव्हा ज्या सरकारखाली राहायचे त्याला त्याचीही संमती हवी. क्रॉमवेलचा जावई आयर्टन म्हणाला, ज्याची या भूमीत कायमची मालमत्ता नाही त्याला मत दिले, तर उद्या तो मालमत्ताच मोडीत काढील. आयर्टन मूर्ख नव्हता. क्लार्क नावाच्या चिटणिसाने हे सारे लघुलिपीत टिपले; ऑक्सफर्डच्या वुस्टर कॉलेजात पडून राहिलेली ती टिपणे १८९१ मध्ये छापली गेली.

रेन्सबरोचे ते बोल आज चर्चच्या भिंतीवर आहेत. (मास्तरकी म्हणून सांगतो, ते बोलले गेले दुसऱ्या दिवशी, जवळच्या एका अधिकाऱ्याच्या बिऱ्हाडी.) मनोरा पंधराव्या शतकातला, बाकीचे पुष्कळसे १८३६ मध्ये नवे बांधलेले आणि १९७३ च्या आगीनंतर पुन्हा सावरलेले. आत कॉफीही मिळते.

'आणि बायकांना मत?' सौ.ने विचारले. त्यांचे नावही कोणी काढले नव्हते. नोकर आणि भिकारीही पुढच्या तडजोडीत गळायचेच होते. रेन्सबरो १६४८ मध्ये डॉनकास्टरला मारला गेला. सरसकट पुरुषांना मत मिळाले १९१८ मध्ये, आणि स्त्रियांना त्यांच्या बरोबरीने १९२८ मध्ये.

कॉफी पिता पिता मी आयर्टनवर जरा तावातावानेच बोललो. सौ. ऐकून घेत होती. मग म्हणाली, 'आपल्या सोसायटीच्या सभेत ते वरच्या मजल्यावरचे भाडेकरू पाण्याबद्दल बोलायला उठले, तेव्हा यांना बोलायचा अधिकार काय, असे कोण म्हणाले होते हो?'

मी म्हणालो होतो. टाळ्याही पडल्या होत्या.

परतताना पूल जरा लांबच वाटला.