आडनावाचं भाडं



परदेशात शिकून आलेल्या माणसाकडं लोक बर्फाच्या गोष्टी मागतात. बर्फ कसा पडतो, गोरे लोक कसे बोलतात, जमिनीखालून रेल्वे कशी पळते. ते सगळं मी वस्तीतल्या पोरांना सांगून झालंय. इथं लिहितोय ते आजवर कुणाला नीट सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती. अजून वाटते.

२०१६ च्या सप्टेंबरात मी लंडनला गेलो. एक वर्षाचं एम.ए. सरकारी स्कॉलरशिप. मुंबईच्या विमानतळापर्यंत सोडायला वस्तीतली जीपभर माणसं. मायनं चिवड्याचा डबा दिला. बापानं बाबासाहेबांचा फोटो दिला, वीतभर चौकटीतला. म्हणाला, "खोलीत गेलास की पयलं हे लाव. मंग बाकीचं सामान काढ."

स्कॉलरशिपचा हप्ता उशिरा पडणार हे तिथं गेल्यावर कळलं. पाऊंड तेव्हा ८५ रुपयांच्या आसपास. एक सँडविच घेतलं की डोक्यात मायची एका दिवसाची मजुरी फिरायची. खोली बघायला गेलं की घरमालक महिन्याचं भाडं डिपॉझिट मागणार, वर इंग्लंडात राहणारा जामीनदार मागणार. आमच्या वस्तीला गावात कुणी जामीन राहत नाही, लंडनात कोण राहणार?

तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, वेम्बलीकडं एक मराठी कुटुंब खोली देतं. जामीन लागत नाही. आपलीच माणसं आहेत.

गेलो. वहिनींनी चहा दिला, कांदेपोहे दिले. वीस दिवसांनी कानावर मराठी पडत होती. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. मग वहिनींनी विचारलं, "आडनाव काय म्हणालास?"

"गायकवाड."

वहिनी जरा थांबल्या. ते थांबणं तुम्हाला माहीत आहे. आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. दोन सेकंदांचं असतं, पण तेवढ्यात आपलं अख्खं गाव, वेस, पाणवठा समोरच्याच्या डोळ्यांतून फिरून येतो. घरमालक हसत म्हणाले, "गायकवाड म्हणजे बडोद्याकडचे का?"

'नाही' एवढंच म्हणायचं होतं. खिशात १८० पाऊंड होते. बाहेर पाऊस होता. मी म्हणालो, "हो, लांबचे."

खोली मिळाली.

एक खोटं एकटं राहत नाही, त्याला पोरं होतात. वहिनींनी विचारलं, बी.ए. कुठून केलंस? मी म्हणालो, औरंगाबादहून. तेव्हा शहराचं नाव तेच होतं. विद्यापीठाचं नाव मात्र मी गिळलं. त्या नावाचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला आणि मराठवाड्यात आपली घरं पेटली. पोचीराम कांबळेंना मारलं. १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला ते नाव विद्यापीठाला लागलं. सोळा वर्षं. माझा बाप त्या नावासाठी सतरा दिवस जेलात होता. आणि ते नाव ज्या डिग्रीवर छापलंय, ती बॅगेत ठेवून मी लंडनात पोहे खात बसलो होतो.

फोटोही बॅगेतच. टॉवेलात गुंडाळलेला.

फोनवर बाप विचारायचा, "फोटो लावला का?" मी म्हणायचो, लावला. माय विचारायची, "तिकडं कुणी जात इचारतंय का रे?" मी म्हणायचो, "नाही माय, इथं कोण विचारतंय!" अर्धं खरंच होतं. गोऱ्यांनी कधी विचारली नाही. त्यांचा काळ्या कातडीचा हिशोब वेगळा, तो त्यांनी अधूनमधून दाखवलाच. जात विचारली ती आपल्या भाषेनं.

दिवाळीला घरी पाहुणे आले. त्या वर्षी महाराष्ट्रात मोर्चे निघत होते. कोपर्डीत जुलैमध्ये त्या मुलीवर भयंकर अत्याचार झाला, तिला मारलं. त्या संतापातून मोर्चे उठले, आणि मागण्यांत ॲट्रॉसिटी कायदा बदलण्याचीही मागणी आली. पाहुण्यांत त्यावर चर्चा. तो कायदा कसा खोटा वापरतात, ती माणसं कशी माजलीत. एक जण माझ्याकडं वळून म्हणाला, "गायकवाड, तुम्ही तर गावाकडचे. तुम्हाला अनुभव असेलच."

मी मान हलवली.

मित्रांनो, ती मान मला अजून झोपू देत नाही. माझ्या चुलत्याला विहिरीवरून मारलं तेव्हा पोलीस ठाण्यात याच कायद्याखाली तक्रार घ्यावी म्हणून बाप दिवसभर उन्हात उभा होता. आणि मी करंजी चघळत मान हलवली.

हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडायचा. घरी जायला नको वाटायचं. कॉलेज ब्रिटिश म्युझियमच्या जवळ. तिथल्या वाचनालयात बाबासाहेब सकाळपासून बंद होईपर्यंत बसत. मी आमच्या लायब्ररीत बसायचो. तिथं एका संध्याकाळी त्यांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुन्हा काढलं. आधी वाचलेलं होतं. या वेळी बडोद्यापाशी अडकलो.

१९१७ साल. न्यूयॉर्क, लंडन करून माणूस परत आलाय. सयाजीराव गायकवाडांच्या पैशानं शिकला, म्हणून करारानं त्यांच्या नोकरीला आलाय. राहायला जागा नाही. एक पारशी धर्मशाळा आहे, पण फक्त पारशांसाठी. मग रखवालदाराशी ठरलं, वहीत पारशी नाव लिहायचं. त्या नावानं ते तिथं राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली. दोन मित्रांकडं जागा मागितली, एक हिंदू, एक ख्रिश्चन. दोघांनीही दिली नाही. रात्रीच्या गाडीपर्यंत बाबासाहेब बागेत बसून राहिले.

मी पुस्तक मिटलं. त्याच बडोद्याचं नाव घेऊन मी खोली मिळवली होती.

आधी वाटलं, चला, बाबासाहेबांनाही करावं लागलं, मग आपलं काय! पण मनाला ते पटेना. त्यांनी ती गोष्ट दडवली नाही. स्वतःच्या हातानं लिहून ठेवली, जगानं वाचावी म्हणून. मी टॉवेलात गुंडाळली होती.

एका रविवारी चॉक फार्मला उतरून १०, किंग हेन्रीज रोड गाठलं. १९२१-२२ ला बाबासाहेब तिथं राहत. २०१५ ला महाराष्ट्र सरकारनं ते घर घेतलं. भिंतीवर गोल निळी पाटी, त्यावर त्यांचं नाव. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसेल असं. मी समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो आणि आत न जाता परत फिरलो.

१४ एप्रिल २०१७. त्या दिवशी गुड फ्रायडेची सुट्टी. व्हिक्टोरिया स्टँडवरून बसनं वुल्व्हरहॅम्प्टनला गेलो. तिथं पंजाबातल्या आपल्या लोकांची वस्ती आहे. जालंधर, होशियारपूरकडची माणसं १९५०-६० पासून त्या भागातल्या फाउंड्र्यांत लोखंड ओतायला गेली. त्यांनीच तिथं बुद्धविहार उभा केला. जयंतीला डाळ, भात, खीर. शेजारी सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा बसला होता. भाजलेले हात. त्यानं हिंदीत नाव विचारलं. मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, जिल्हा सांगितला आणि कुणी न विचारता विद्यापीठाचंही सांगितलं. पूर्ण नाव. सात महिन्यांत पहिल्यांदा. म्हातारा म्हणाला, "भट्टीवर आमचे गाववाले आमच्या कपातून चहा घेत नव्हते. आम्ही कप बदलला नाही, बेटा. युनियन केली."

त्या रात्री खोलीवर आलो आणि फोटो लावला.

सकाळी घरातला सात वर्षांचा पोरगा आत आला. "दादा, हे कोण?"

म्हटलं, "माझ्यासारखेच लंडनला शिकायला आले होते."

"पास झाले?"

"झाले की. लय डिग्र्या घेतल्या."

मागं दारात वहिनी उभ्या होत्या. फोटोकडं बघत म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही..." तोवर मी 'तू' होतो. मी म्हणालो, "आम्ही बौद्ध आहोत, वहिनी. बडोद्याचं खोटं बोललो होतो."

तिसऱ्या दिवशी कळलं की पुण्याहून दीर येतायत, खोली लागणार. डिपॉझिट एका पेनीचीही काटछाट न करता परत मिळालं. काठ्या नव्हत्या. फार सभ्य माणसं.

त्यांना मला धड शिव्याही देता येत नाहीत. त्यांच्या घरात मी खोटा शिरलो होतो. पण खरा शिरू शकलो असतो का, हे मला कुणी सांगावं. त्याच सुमारास, मार्च २०१७ पासून, इंग्लंडचं सरकार जातीच्या भेदभावाविरुद्ध कायद्यात तरतूद करावी का म्हणून लोकांची मतं मागवत होतं. २०१३ ला त्यांच्या संसदेनं तसं ठरवलंही होतं. घरी येणारी मंडळी म्हणायची, इथं जात नाहीच, कायदा कशाला? जुलै २०१८ ला सरकारनं ती तरतूद नको असं ठरवलं, कोर्टाच्या निकालांवर सोडून दिलं. जात नव्हती, तर माझं आडनाव ऐकून वहिनी का थांबल्या?

पुढं पाच आठवडे घानाच्या एका वर्गमित्राच्या खोलीत जमिनीवर झोपलो. त्यानं आडनाव विचारलं नाही, उशी दिली.

बापाला फोनवर सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "फोटो लावला का?"

"लावला."

"आता खरं?"

"आता खरं."

तुमच्यातले काही जण फॉर्म भरताय, जाणार आहात. नाव लपवू नका, रात्र स्टेशनवर काढा, असं छाती फुगवून मी सांगणार नाही. खिशात १८० पाऊंड घेऊन एकट्यानं पावसात उभं राहिलेल्याला ते सांगायचा मला हक्क नाही. मी एकटा होतो, म्हणून खोटं बोललो. जाण्याआधी तिथली आपली माणसं शोधा. आम्ही चौघांनी त्या वर्षी ठरवलं, नव्यानं येणाऱ्या आपल्या पोराला पहिले पंधरा दिवस आपल्यातल्या कुणाच्या तरी खोलीत जागा द्यायची. भाडं नाही. ते आजही चालू आहे. पोरं बदलली, गादी तीच आहे.

त्या खोलीत गेलात की भिंतीवर फोटो दिसेल. त्याच्याखाली आपलं सामान काढा.