विरामखंड

लखनौच्या गोमतीनगरची आखणी ज्या कोणा अधिकाऱ्याच्या हातून झाली असेल त्याला अनुप्रासाचे भलतेच वेड असले पाहिजे. कारण गोमतीच्या पूर्वतीरावर पसरलेल्या या अफाट वसाहतीचे जे विभाग पाडले गेले, त्यांतील बहुतेकांना ‘व’ या एकाच वर्णाने आरंभ होणारी नावे बहाल झाली, आणि विनयखंड, विवेकखंड, विपुलखंड, विश्वासखंड, विभूतिखंड, विराटखंड अशी ती नामावळी रिक्षावाल्यांच्या, टपालवाल्यांच्या आणि माझ्यासारख्या परगावाहून आलेल्या म्हाताऱ्यांच्या बुद्धीची रोज परीक्षा पाहत असते. ‘खंड’ म्हटले की मराठी वाचकाला प्रथम ग्रंथ आठवतो. त्यामुळे हे सारे नगर मला एखाद्या बहुखंडात्मक, छापून अद्याप पुरे न झालेल्या कोशासारखे वाटते. त्यातल्या विरामखंडात, मुलीच्या घरी, माझा मुक्काम आहे. पत्ता सांगताना पहिल्या पहिल्याने हसू येई. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणसाने दुसऱ्या कोणत्या खंडात राहावे?

मात्र लखनौला मी काही प्रथमच आलेलो नाही. 1959 च्या जुलै महिन्यात, साताऱ्याकडच्या एका खेड्यातून, एक वळकटी, एक तंबोरा आणि वडिलांची अर्धवट संमती एवढा ऐवज घेऊन मी येथे गाणे शिकण्यास आलो, आणि पुढची पाच वर्षे या शहरात राहिलो. आज ज्या गच्चीवर बसून मी हे लिहीत आहे त्या जागेकडे त्या पाच वर्षांत मी शेकडो वेळा पाहिले असेल, परंतु ते नदीच्या अलीकडून, सिकंदरबागेमागच्या काठावर संध्याकाळी रिकामे बसले असता, आणि तेही ज्या नजरेने आपण एखाद्या चित्राच्या चौकटीकडे पाहतो तितक्याच बेफिकिरीने. उन्हाळ्यात पाणी आटले की वाळूत टरबुजांच्या आणि काकड्यांच्या वाड्या दिसत, त्यांच्यामागे आमरायांची काळी रेघ, आणि त्या रेघेआड उजरियांव, ग्वारी, जुगौली अशी कधी पाय न लागलेली गावे. या सगळ्याला मिळून एकच नाव होते: ‘उस पार’. वास्तविक लखनौ विद्यापीठही नदीच्या त्याच तीरावर, बादशाहबागेत. पण विद्यापीठाला कोणी ‘उस पार’ म्हणत नसे. ‘उस पार’ म्हणजे जेथे जाण्याचे काही कारण नाही असा मुलूख.

चारबागच्या स्थानकावर उतरलो तेव्हा ते स्थानक आहे की एखाद्या नबाबाचा वाडा, हा प्रश्न मला पडला होता. घुमट, छत्र्या, कमानी, आणि बाहेर पोर्चमध्ये उभे राहिले की आत धडधडणाऱ्या गाडीचा आवाज ऐकू येत नाही अशी ख्याती. टांगेवाल्याने ती ख्याती मला आधी ऐकवली आणि मग भाडे सांगितले. त्याने मला लालबागेत आणून सोडले. लखनौलाही एक लालबाग आहे हे माझ्या घरच्यांना पुष्कळ दिवस पटले नाही. माझा चुलतभाऊ त्या वेळी मुंबईच्या लालबागेत गिरणीत कामाला होता, आणि आमचा पत्रव्यवहार लालबागेतून लालबागेत चालत असल्यामुळे, मी मुळात मुंबईतच कोठेतरी दडून बसलो आहे आणि लखनौ ही निव्वळ थाप आहे, असा संशय माझ्या एका मामाने मरेपर्यंत बाळगला.

आमचे विद्यालय कैसरबागेत होते. वाजिद अली शाहचा परीखाना म्हणतात तीच ती इमारत. जेथे नबाबाच्या पदरच्या नर्तकींना गायननर्तनाची तालीम मिळे, जो दरबार 1856 साली कंपनी सरकारने अवध खालसा करून मोडला, आणि ज्याचा धनी पुढे कलकत्त्याजवळ मटियाबुर्जास आयुष्याचे दिवस काढीत राहिला. त्या वास्तूत काळ्या फळ्यावर खडूने स्वरलिपी लिहून गाणे शिकविण्याची कल्पना वाळकेश्वरात जन्मलेल्या एका मराठी वकिलाची. 1924 आणि 1925 अशी लागोपाठ दोन वर्षे संगीत परिषदेची अधिवेशने लखनौस भरली, आणि राय उमानाथ बली, राय राजेश्वर बली यांच्यासारख्या अवधच्या तालुकदार मंडळींच्या साह्याने विष्णु नारायण भातखंडे यांनी 1926 साली हे विद्यालय उभे केले. त्याला नाव मात्र दिले त्या वेळचे प्रांताचे गव्हर्नर मॅरिस यांचे. आश्रय हवा तर नाव द्यावे लागते, हा व्यवहार पंडितजींना वकिलीने शिकविला असावा. आमच्या वेळीही ते मॅरिस कॉलेजच होते. 1966 साली त्याला भातखंड्यांचे नाव लाभले, तेव्हा मी मराठवाड्यातील एका शाळेत मुलांना राष्ट्रगीत बसवून देत होतो.

भातखंड्यांचा ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा चार भागांचा ग्रंथ मूळ मराठीत लिहिलेला आहे, हे त्या विद्यालयातल्या पुष्कळ विद्यार्थ्यांना ठाऊक नसे आणि मला ते विनाकारण पुन्हा पुन्हा सांगण्याची खोड होती. गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून हळूहळू उलगडत जाणारे ते गद्य मला आजही मराठीतील उत्तम गद्यांपैकी वाटते. संगीतज्ञांनी ते संगीतासाठी वाचले आणि साहित्यिकांनी संगीत म्हणून सोडून दिले, त्यामुळे त्याची गणना कोणीच केली नाही. परंतु आमचा खरा सहवास होता तो ‘क्रमिक पुस्तक मालिके’शी. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी, मंद्राला खाली टिंब, तारेला वर. यमन, बिलावल, खमाज, भैरव अशा क्रमाने दहा थाट, आणि रागाचे वादी-संवादी, वर्ज्यावर्ज्य खुद्द गीताच्याच शब्दांत गोवून सांगणारी ती लक्षणगीते, ज्यांच्या अंतऱ्यात ‘चतुर’ या मुद्रेने पंडितजी हळूच डोकावून जात. शहरातले जुने खाँसाहेब या प्रकाराला हसत. कागदावरचे गाणे म्हणजे कागदावरची बिर्याणी, असे कोणीतरी म्हटल्याचे आमच्यात प्रसिद्ध होते. त्यांचे हसणे अगदीच अस्थानी होते असे मी म्हणणार नाही. वर्गात चाळीस मुले एका सुरात यमन घोकू लागली म्हणजे यमनाची दशा पाढ्यांसारखी होई. पण ज्याच्या सात पिढ्यांत कोणी गवई नाही अशा कुलकर्ण्याच्या पोराला कोणता खाँसाहेब दारात उभा करणार होता? मला ते दार त्या टिंबांनी आणि रेघांनी उघडून दिले.

अण्णासाहेब रातंजनकर 1928 पासून या विद्यालयाचे प्राचार्य होते. मी येण्यापूर्वीच ते खैरागडच्या विद्यापीठात कुलगुरू होऊन गेले होते, आणि त्यांना पाहावयास न मिळाल्याचे दुःख मला ‘सुजान’ या मुद्रेच्या त्यांच्या बंदिशी शिकताना दरवेळी नव्याने होई. तलत महमूद आणि रोशन हे येथलेच विद्यार्थी, हे चहाच्या टपरीवाल्यासह सर्वांना पाठ होते. आमच्यात बंगाली होते, गढवाली होते आणि पुष्कळसे सिंहलद्वीपाहून आलेले होते. त्यांतला एक माझ्या शेजारच्या खोलीत राही. त्याची हिंदी माझ्याहून वाईट असल्यामुळे आमची मैत्री तत्काळ जमली, आणि कित्येक दिवस आम्ही एकमेकांना जिन्याच्या वरून-खालून सरगमातच हाका मारीत असू. आणि अहमदजान थिरकवा तेव्हा लखनौतच होते. ज्या बोटांचा ठेका बालगंधर्वांच्या गाण्याखाली आमच्या आजोबांनी मिरजेत ऐकला, आणि ज्यांचे वर्णन करताना ते नाटकाचे कथानक विसरून जात, ती बोटे मी उत्तरेत, साडेसातशे कोसांवर वाटावे अशा परक्या मुलखात, चार हातांवरून पाहिली. त्या दिवशी मी आजोबांना पोस्टकार्ड लिहिले. उत्तरात त्यांनी फक्त एवढेच विचारले होते, की तबल्याला शाई पूर्वीसारखीच लावतात काय.

मी ज्यांच्या घरी भाडेकरू होतो ते वृद्ध गृहस्थ कचेरीतून पेशकार म्हणून निवृत्त झालेले, जातीने कायस्थ. सारा मोहल्ला त्यांना मुन्शीजी म्हणे, मीही मुन्शीजी म्हणे, आणि ते मला, मी वयाने नातवाएवढा असूनही, ‘पंडितजी, आप’ म्हणत. स्वतःला ते ‘हम’ म्हणत. आमच्याकडे ‘आम्ही’ म्हणावे ते छत्रपतींनी किंवा अग्रलेख लिहिणाऱ्या संपादकांनी. येथे भाजीवालाही ‘हम’ म्हणतो आणि त्यात ताठा नसतो, हे अंगवळणी पडण्यास मला एक हिवाळा लागला. पण मुन्शीजींशी माझे गोत्र जुळले ते निराळ्याच वाटेने. आमच्या घरी माळ्यावर मोडी दप्तराचे रुमाल होते, आणि त्या रुमालांतले दरखास्त, कबुलायत, जामीन, मिसल, नक्कल, मौजे, बाकी, मुदत हे शब्द, जे पुण्याच्या शिष्ट मराठीतून एकेक करून हद्दपार होत चालले होते, ते मुन्शीजींच्या तोंडी रोजच्या डाळभातासारखे येत. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून खाटा टाकल्या की मी एक शब्द काढावा, त्यांनी त्याची लखनवी तऱ्हा सांगावी, असा आमचा खेळ चाले. एकदा ते मोठ्या समाधानाने म्हणाले, की त्यांच्या थोरल्या मुलाच्या खटल्यात राजीनामा झाला. मी चेहरा गंभीर करून त्यांचे सांत्वन करू लागलो, नोकऱ्या पुष्कळ मिळतील म्हणालो. ते स्तब्ध. त्यांच्या राजीनाम्याचा अर्थ तडजोड, माझ्या राजीनाम्याचा अर्थ नोकरीवर पाणी. एकाच फारसी आईची दोन लेकरे, एक दक्षिणेत गेले ते बिघडले असा निकाल मुन्शीजींनी तेथल्या तेथे दिला.

त्यांच्याचमुळे मला एक गोष्ट खाली मान घालून कबूल करावी लागली. चौकात राहणाऱ्या अमृतलाल नागर यांनी वरसईच्या गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’चे ‘आँखों देखा गदर’ या नावाने हिंदी केले होते, ते मुन्शीजींनी वाचले होते, आणि भटजींच्या धाडसाविषयी ते माझ्याशी हौसेने बोलू लागले. मी ते पुस्तक वाचले नव्हते. मराठी माणसाने आपला गोडसे भटजी लखनौच्या एका पेन्शनर कायस्थाकडून, हिंदीत, उसना घेऊन वाचला. पुढे सुटीत घरी गेल्यावर मूळ मराठी मिळविले, तेव्हा जागोजाग मुन्शीजींचाच आवाज ऐकू येई.

हजरतगंजातल्या कॉफी हाऊसविषयी इतरांनी इतके लिहिले आहे की मी भर घालू नये. तेथे साहित्यिक आणि राजकारणी बसत, आणि आम्ही दारावरून जात असू. आमच्या खिशाला मक्खन-मलाईचा दोन आण्यांचा हिवाळी दोना परवडे. तो दव पडलेल्या पहाटे खावा लागतो. ऊन चढले की विरून जातो.

1960 च्या पावसाळ्याच्या अखेरीस गोमती चढली. ही नदी हिमालयाची नव्हे. पिलिभीतकडच्या माधोटांड्याजवळ एका तळ्यातून निघते, सपाट मुलखातून वळणे घेत गंगेकडे जाते, आणि एरवी इतकी संथ की तिचे वाहणे कळण्यास पाण्यात एखादे पान सोडावे लागे. तिने शहरात शिरून असा कहर करावा हे कोणाच्याच ध्यानी आले नव्हते. पाणी थोडे उतरल्यावर मी आणि माझा सिंहली मित्र आमच्या नेहमीच्या जागेकडे गेलो. बसण्याची जागा नव्हतीच. आणि समोर वाड्या नाहीत, वाळू नाही, आमरायांची फक्त शेंडे वर काढलेली रेघ, आणि तिच्यापलीकडे जेथवर दृष्टी जाईल तेथवर मातकट, न हलणारे पाणी. एक छप्पर तरंगत आले. त्यावर कोंबडा बसला होता. ‘उस पार’ला माणसे राहतात हे मला त्या दिवशी प्रथम समजले.

पुढे नदीला बांध घातले गेले, गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून त्या जमिनीचे भूखंड पडू लागले, आणि आज त्याच पाण्याच्या जागी माझ्या मुलीच्या घराचा तळमजला आहे. येथे मला आठवावे असे काहीही नाही. एकही झाड, एकही भिंत माझ्या ओळखीची नाही. कैसरबागेत गेलो तर प्रत्येक कमान आपला हिशेब घेऊन समोर उभी राहते, हे बदलले, ते पाडले, अशी तक्रार करीत मी परत येतो. या कोऱ्या जमिनीवर मात्र सारे निर्वेधपणे आठवते. मुन्शीजींची खाट, जिन्यावरून येणारा तो सरगम, ओल्या अंगणाचा वास. महाराष्ट्र तर येथे माझ्याही आधी येऊन दगडात उभा आहे. गुलाबी दगडाच्या त्या भव्य आंबेडकर स्मारकात, हत्तींच्या रांगांपलीकडे, बाबासाहेबांच्या सोबतीला फुले आहेत, शाहू महाराज आहेत. आणि विपिनखंडात संगीत नाटक अकादमीच्या नाट्यगृहाला नाव आहे संत गाडगे महाराजांचे. खराटा घेऊन गावोगाव फिरणाऱ्या त्या पुरुषाच्या नावाच्या वातानुकूलित सभागृहात मी गेल्या थंडीत कथक पाहिले. बाहेर पडताना झाडूवाली बाई पायऱ्या झाडीत होती. माझे पाय आपोआप बाजूला झाले.

परवा सकाळी मन झाले म्हणून कोपऱ्यावरच्या ऑटोवाल्याला म्हटले, परीखान्याला नेशील का. त्याने मान हलविली. त्याला तो ठाऊक नव्हता. वाजिद अली शाहचे नाव घेतले, त्याने प्राणिसंग्रहालय का म्हणून विचारले. शेवटी म्हटले, कैसरबाग, भातखंडे.

“अच्छा, भातखंडे! पहले बताते, बाबूजी,” असे म्हणून त्याने मीटर न टाकता गाडी चालू केली, आणि मला नीट बसावयास सांगून पुढे म्हणाला, “थोड़ा वक़्त लगेगा. पुल पर जाम होगा, उस पार जाना है न.”